आफ्रिकेची तूर हवी, मग तिथल्या आकडेवारीचे काय? : केंद्र सरकारला खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय वाणिज्यमंत्री, मा. कृषिमंत्री, मा. ग्राहक व्यवहार मंत्री आणि मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : आफ्रिकी देशांशी होणाऱ्या डाळींच्या करारांत शेतीच्या आकडेवारीला स्थान देण्याबाबत

महोदय,

मोझांबिक आणि मलावी या दोन देशांशी आपण २०२१ मध्ये केलेल्या तूर आयातीच्या सामंजस्य करारांची ५ वर्षांची मुदत २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंत होती. मोझांबिककडून दरवर्षी २ लाख टन आणि मलावीकडून ५० हजार टन तूर घेण्याचे त्यांत ठरले होते. ही तूर कोणत्या ५ बंदरांतून उतरवायची आणि तिच्याबरोबर मूळ देशाचा कोणता दाखला लागेल, हे अधिसूचनांत नेमके लिहिलेले आहे. त्या तुरीचा पेरा यंदा किती झाला, पीक किती येणार, त्यातले तिथल्या माणसांच्या ताटात किती राहायला हवे, हे कोणी मोजायचे आणि ते आकडे दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना कधी कळवायचे, याबद्दल मात्र त्या अधिसूचनांत अवाक्षर नाही. पुढचे करार करताना ही उणीव तशीच राहू नये, यासाठी हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

माझा या विषयाशी दोन बाजूंनी संबंध आहे. औसा तालुक्यात आमची कोरडवाहू जमीन आहे आणि सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक आमच्या घरी आजही घेतले जाते. माझी नोकरी शेतीच्या आकडेवारीत गेली. पीक कापणी प्रयोग, पेरेपत्रके आणि पैसेवारी (गावाच्या पिकाचा सरकारी अंदाज) यांतच उमेदीची वर्षे खर्ची पडली. निवृत्तीनंतर एका सर्वेक्षण प्रकल्पात गणकांना शिकवण्यासाठी मी दक्षिण मलावीत गेलो आणि थ्योलो, मुलांजे या भागांत मक्याच्या वरंब्यांवर मक्याच्याच जोडीने उभी असलेली तूर पाहिली. तिथे तिला नांदोलो म्हणतात. बाहेरच्या तुरीने आमचे भाव पाडले, असे आमच्या आडतीत दरवर्षी ऐकू येते. ती बाहेरची तूर पिकवणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्याकडे जमीन आमच्याहून कमी आहे, आणि बहुतेक घरांत ती एक हेक्टरसुद्धा भरत नाही.

आधी आपल्याच घरातला इतिहास मांडतो, कारण माझी पहिली तक्रार त्यातून निघते. २०१५ मध्ये तूरडाळ किरकोळ बाजारात २०० रुपये किलोपर्यंत गेली आणि सरकारची झोप उडाली. जुलै २०१६ मध्ये पंतप्रधानांनी मोझांबिकची राजधानी मापुतोला दिलेल्या भेटीच्या वेळी त्या देशाशी पहिला करार झाला. १ लाख टनांपासून सुरुवात करून २०२०-२१ पर्यंत वर्षाला २ लाख टनांवर जायचे, असे त्याचे स्वरूप होते. त्याच खरिपात चढ्या भावाला भुलून आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी तुरीचा पेरा वाढवला आणि पाऊसही चांगला झाला. देशाचे तूर उत्पादन एका वर्षात २५.६ लाख टनांवरून ४८.७ लाख टनांवर गेले. त्याच आर्थिक वर्षात डाळींची एकूण आयात ६६ लाख टनांच्या घरात पोहोचली. हमीभाव बोनससह ५,०५० रुपये क्विंटल असताना लातूर बाजारात तूर ४ हजारांच्या आसपास विकली जात होती, आणि आमच्यासारखे कितीतरी शेतकरी खरेदी केंद्रावर बारदाना येण्याची वाट पाहत पोत्यांच्या थप्पीला टेकून रात्री काढत होते.

यानंतर ५ ऑगस्ट २०१७ रोजी आपण तुरीच्या आयातीवर वर्षाला २ लाख टनांची मर्यादा घातली. ती घालायला नको होती, असे मी म्हणणार नाही. तूर उत्पादक म्हणून मला ती हवीच होती. माझा आक्षेप तारखेला आहे. झांबेझिया आणि नाम्पुला या मोझांबिकच्या प्रांतांत, मलावीत आणि टांझानियात तूर साधारण नोव्हेंबर-डिसेंबरच्या पावसावर पेरतात आणि जुलै ते सप्टेंबर या काळात काढतात. म्हणजे आपली अधिसूचना निघाली त्या आठवड्यात तिथे शेंगा झोडपणे चालू होते. सरकारी करारातला मोझांबिकचा हिस्सा या मर्यादेतून वगळलेला होता हे खरे. पण खेड्यात सायकलवर पोते घालून आणणाऱ्या माणसाला त्या वगळण्याचा काय उपयोग? निर्यातदारांनी हात आखडता घेतला आणि भाव कोसळले. मोझांबिकमध्ये तूर फारशी खाल्ली जात नाही, ती जवळजवळ सगळी भारतासाठीच पिकते. त्यामुळे भारताने दार लावले की तिला दुसरे दार नसते.

आता यातला आकड्यांचा भाग पाहावा. आपल्याच कृषी मंत्रालयाच्या सप्टेंबर २०१६ च्या पहिल्या आगाऊ अंदाजात तुरीचे पीक ४० लाख टनांच्या पुढे दिसत होते. तिकडच्या पेरणीला तेव्हा दोन महिने बाकी होते. तो आकडा मोझांबिक, मलावी आणि टांझानियाच्या सरकारांना अधिकृतपणे कळवला असता, "यंदा भारताच्या घरीच भरपूर पिकते आहे, पेरा जपून करा" एवढे एक वाक्य तिथल्या विस्तार कार्यकर्त्यांमार्फत (शेतकऱ्यांना सल्ला देणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांमार्फत) गावोगाव गेले असते, तर पुढच्या ऑगस्टमधला आघात निम्म्याने तरी हलका झाला असता. आकडा होता. तो ज्याच्या कामाचा होता त्याच्यापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कोणत्याच करारात कोणावरच टाकलेली नव्हती, आणि २०२१ च्या करारांतही टाकली गेलेली दिसत नाही. सौदा ५ वर्षांचा करायचा आणि ज्या माहितीवर तो उभा राहायचा ती मात्र दर हंगामात ज्याची त्याने शोधायची, ही रीत मित्रदेशांमधली नव्हे.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे, कारण तिथे प्रश्न भावाचा नसून जिवाचा आहे. आपण ज्या देशांतून अन्न उचलतो, त्यांच्याकडे स्वतःसाठी किती अन्न आहे हे मोजण्याची यंत्रणा किती दुबळी आहे, याची दखल आपण घेतलेली नाही. मलावीचे उदाहरण देतो. २००१ मध्ये तिथे मक्याचे पीक मोठ्या प्रमाणावर घटले होते, पण त्या वर्षीच्या सरकारी अंदाजांत कसावा आणि इतर कंदमुळांचे उत्पादन भरमसाठ दाखवले गेले. मका कमी असला तरी कंद आहेत, असा निष्कर्ष निघाला. देशाच्या राखीव साठ्यात १ लाख ६० हजार टनांहून अधिक मका होता. तो कमी करावा असा नाणेनिधीचा सल्ला होता, आणि प्रत्यक्षात तो जवळजवळ सगळाच विकला गेला. २००२ च्या सुरुवातीला मक्याचा भाव अनेक पटींनी वाढला, लोकांनी हिरवी कणसे आणि जंगली मुळे खाल्ली, आणि शेकडो माणसे दगावली; काही अंदाज त्याहून बरेच मोठे आहेत. साठा विकण्यामागे राजकारण होते, सल्ल्यात दोष होता, हे सगळे खरेच आहे. पण त्या सगळ्यांना आधार देणारा कागद कंदांच्या फुगवलेल्या अंदाजाचा होता.

असे एकदाच झाले असेही नाही. २००७ मध्ये मलावीने ३४ लाख टन मक्याचे विक्रमी पीक जाहीर केले आणि झिम्बाब्वेला मका निर्यात केला. पुढच्या वर्षाच्या आरंभी देशातच भाव भडकले. त्याच काळातल्या कृषिगणनेवरून तो विक्रमी आकडा बराच फुगलेला असल्याचे दिसले. खतांवरच्या अनुदानाची योजना यशस्वी ठरली हे दाखवण्याची घाई त्या वेळी सगळ्यांनाच होती. आपल्याकडे पैसेवारी ५० च्या वर लावायची की खाली, यावर तहसीलमध्ये काय काय चालते हे ज्याने पाहिले आहे, त्याला यात नवल वाटणार नाही.

हे अंदाज चुकतात कसे, हे दिल्लीत बसून कळणे अवघड आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. मलावीत हंगामात तीन फेऱ्यांत पीक अंदाज घेतले जातात. विस्तार कार्यकर्ता काही घरे निवडतो, शेत मोजतो आणि शेवटी नमुना प्लॉटमधले पीक तोलतो. पद्धत आपल्यासारखीच. पण मुलांजेजवळच्या एका शेतावर आमच्या गणकांबरोबर मी उभा होतो, तिथे वरंब्यावर मका होता, दोन झाडांच्या मध्ये तूर होती, खाली भोपळ्याचे वेल पसरले होते आणि बांधाकडेला कसावा लावलेला होता. गणकाच्या हातातल्या तक्त्यात मुख्य पिकासाठी एक रकाना होता. त्याने तिथे मका लिहिला. तूर, भोपळा आणि कसावा अशा रीतीने त्या देशाच्या हिशेबात कधी येतात, कधी येतच नाहीत, आणि कधी प्रत्येक पिकाच्या नावे पूर्ण शेताचे क्षेत्र लागते.

कसाव्याचे दुखणे आणखी वेगळे. तो एका दिवशी काढला जात नाही. जमिनीत दोन-दोन वर्षे राहतो, आणि घरात काही नसेल तेव्हा बाई दोन झाडे उपटून नेते. त्या शेताच्या मालकिणीला गणकाने विचारले, "वर्षाचे उत्पादन किती?" तिने शांतपणे उलट विचारले, "कोणत्या वर्षाचे?" तिच्याकडे याचे उत्तर नव्हते आणि तक्त्याला उत्तराशिवाय चालत नव्हते. अशा वेळी गणक शेजारच्या शेतावरून नजर अंदाज लावतो. एका गावातला नजर अंदाज कोणाचे फार बिघडवत नाही. हजारो गावांतले असे अंदाज बेरजेत एकाच बाजूला कलले की राजधानीत नसलेले अन्न दिसू लागते.

क्षेत्राचेही तसेच. जागतिक बँकेच्या साहाय्याने मलावी, टांझानिया, युगांडा, नायजेरिया, इथिओपिया, नायजर, माली आणि बुर्किना फासो या देशांत गेली काही वर्षे जी सविस्तर कुटुंब सर्वेक्षणे झाली, त्यांत शेतकऱ्याने सांगितलेले क्षेत्र आणि जीपीएसने मोजलेले क्षेत्र यांची तुलना केली गेली. लहान तुकडे शेतकरी मोठे सांगतो आणि मोठे तुकडे लहान सांगतो, असे त्यांतून दिसले. यात लबाडी नाही. ज्या जमिनीची मोजणीच कधी झाली नाही आणि जिला सातबारा नाही, तिचे क्षेत्र माणूस घामावरून सांगतो. पण त्या क्षेत्राने भागून काढलेली हेक्टरी उत्पादकता, आणि तिच्यावर ठरलेला खताचा कोटा, दोन्ही चुकतात.

मोजणी नीट केली तर काय साधते, याचा दाखलाही आफ्रिकेतच आहे. इथिओपियात कित्येक दशके शेतकऱ्याला डीएपी आणि युरिया ही दोनच खते दिली जात. २०१२ च्या सुमारास त्यांनी देशभर मातीचे नमुने घेऊन नकाशे करण्याचे काम हाती घेतले, तेव्हा बऱ्याच जमिनींत गंधक, बोरॉन, जस्त आणि काही भागांत पालाश कमी असल्याचे आढळले, आणि सरकारने खतांचे मिश्रणच बदलायला घेतले. हे काम परक्या सल्लागाराच्या संगणकात अडकून न राहता त्यांच्या स्वतःच्या संस्थेने केले, हे मला विशेष वाटते.

इथे थोडे विषयांतर करतो, पण ते आपल्याला उद्देशूनच आहे. आज आफ्रिकेत ३० कोटींहून अधिक लोक, म्हणजे दर पाचांतला एक माणूस, भुकेला आहे असे संयुक्त राष्ट्रांच्या संस्था सांगतात. कुपोषितांची संख्या काढण्याच्या या पद्धतीचा पाया सातारा जिल्ह्यातल्या बुध गावच्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी रोममधल्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख असताना घातला. त्याआधी दिल्लीत त्यांनी आणि वि. गो. पानसे यांनी पीक कापणीची यादृच्छिक नमुना पद्धत देशभर रुजवली. नमुना प्लॉट फार लहान घेतला की त्याची हद्द आखणाऱ्या दोरीवरची झाडे आत धरली जातात आणि उत्पादन फुगते, हे सुखात्म्यांनीच १९४० च्या दशकात दाखवून दिले होते. आणि मलावीत मी गणकांना दोरी कशी ताणायची हे शिकवत होतो, तेव्हा नेमकी हीच चूक पुन्हा पुन्हा होताना पाहत होतो. हे ज्ञान आपल्याकडे आहे. पुसा येथे भारतीय कृषी सांख्यिकी अनुसंधान संस्था आहे, इतर देशांतल्या कर्मचाऱ्यांना शिकवणारा, १९६४ पासून चालत आलेला आयटेक प्रशिक्षण कार्यक्रम आहे. तरीही डाळींच्या करारांत या दोहोंचा उपयोग करून घेण्याची कल्पना कोणाला सुचू नये, याचे वाईट वाटते.

तिसरी तक्रार मौनाची. जानेवारी २०२५ च्या अखेरीस अमेरिकेने परदेशी मदत थांबवली, तेव्हा फ्यूज नेट ही दुष्काळाची पूर्वसूचना देणारी यंत्रणा एका रात्रीत बंद पडली. १९८४-८५ च्या इथिओपियातल्या दुष्काळानंतर ती उभी राहिली होती. उपग्रहावरून दिसणारा पाऊस आणि हिरवळ, बाजारातले धान्य-जनावरांचे भाव आणि घराघरांची स्थिती एकत्र करून पुढच्या काही महिन्यांत कुठे अन्न कमी पडेल हे ती सांगत असे. काही महिन्यांनी ती अंशतः परतली. पण त्याच वर्षी अनेक देशांतली बालकांच्या पोषणाची सर्वेक्षणेही अडली, आणि ज्यांच्या वजन-उंचीच्या नोंदींवरून दुष्काळाची पायरी ठरते, त्यांच्याच नोंदी थांबल्या. दुसऱ्याच्या अर्थसंकल्पावर टांगलेली यंत्रणा किती क्षणात तुटते, हे सगळ्या जगाने पाहिले. सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या अध्यक्षतेखाली नवी दिल्लीत आफ्रिकी संघाला जी-२० चे कायम सदस्यत्व मिळाले, याचा आपण रास्त अभिमान बाळगतो. त्याच आपण या प्रसंगी उपग्रह, माणसे आणि थोडा पैसा घेऊन पुढे येऊ असे मला वाटले होते. तशी एकही ठळक घोषणा माझ्या पाहण्यात आलेली नाही.

यात आपला स्वार्थही आहे, कारण कीड सीमा पाळत नाही. अमेरिकन लष्करी अळी २०१६ मध्ये पश्चिम आफ्रिकेत पहिल्यांदा आढळली. २०१८ मध्ये ती कर्नाटकात आणि त्याच वर्षी सोलापूर भागातल्या मक्यात शिरली. २०१८ च्या चक्रीवादळांनंतर अरबस्तानच्या वाळवंटात वाढलेल्या टोळांचा एक लोंढा केनिया-इथिओपियाकडे गेला आणि त्याच उद्रेकातले थवे इराण-पाकिस्तानमार्गे मे २०२० मध्ये अमरावती, वर्धा, नागपूरपर्यंत आले. आफ्रिकेतल्या शेतातून मोबाईलवर पाठवलेली टोळांची नोंद ही आपल्या संत्रा बागायतदारासाठीही आगाऊ सूचना असते.

आकडे असले म्हणजे सगळे झाले, असा माझा भाबडा समज नाही. सोमालियात २०११ च्या दुष्काळाचा इशारा ऑगस्ट २०१० पासून दिला जात होता. मदत हलली ती दुष्काळ जाहीर झाल्यावर. सुमारे २ लाख ६० हजार माणसे गेली, आणि त्यांतली निम्मी ५ वर्षांखालची मुले होती. २०१७ मध्ये पुन्हा तसाच इशारा आला तेव्हा मदत वेळेत पोहोचली आणि दुष्काळ टळला. दोन्ही वेळा माहिती हाताशी होती. म्हणूनच माझ्या मागण्या नुसत्या आकडे जमवण्याच्या नाहीत. आकडा आला की अमुक दिवसांत अमुक कार्यालयाने काय करायचे, हे करारात बांधले जावे असा त्यांचा रोख आहे.

आणखी एका गोष्टीविषयी आधीच सावध करतो. आफ्रिकेला मदत म्हटले की हल्ली ॲप आणि डिजिटल शेतकरी नोंदणी पुढे केली जाते. २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू आहे. रेंज नसलेल्या शिवारात बांधावर उभे राहून पिकाचा फोटो चढवताना शेतकऱ्याला काय सोसावे लागते, वयस्कर माणसाची नोंद शेवटी गावातला कोण करून देतो, हे आपल्याला ठाऊक आहे. ज्या गावात स्मार्टफोन मोजकेच आहेत तिथे हे जसेच्या तसे नेऊ नये. पन्नास ॲप दिल्याने जे होणार नाही, ते दुचाकीच्या पेट्रोलचे पैसे वेळेवर मिळणाऱ्या पाच गणकांनी होते. आम्ही शिकवलेल्या मुलांतले बरेच जण हे पैसे महिनोन्महिने अडकले म्हणून काम सोडून गेले होते.

माझ्या मागण्या अशा आहेत.

मोझांबिक, मलावी आणि टांझानिया यांच्याकडून पुढच्या हंगामात किती तूर घेणार, शुल्क किती राहील आणि मर्यादा असेल तर ती कोणती, हे आपण दरवर्षी ३० सप्टेंबरपूर्वी, म्हणजे त्यांच्या पेरणीआधी आणि आपला पहिला आगाऊ अंदाज हाती येताच जाहीर करावे. त्या हंगामाची तूर विकून होईपर्यंत त्यात बदल करू नये. करावाच लागला तर शेतात उभे असलेले पीक आधीच्या अटींवर घ्यावे. आमच्या काढणीच्या डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात बाहेरची किती तूर बंदरावर उतरेल, हेही त्याच दिवशी आम्हाला कळावे. व्यापाऱ्यांकडून आपण ऑगस्ट २०२२ पासून पोर्टलवर तुरीचे साठे जाहीर करून घेता. त्यांची एकत्रित बेरीज दर आठवड्याला सर्वांना वाचायला मिळावी.

जी-२० ने २०११ मध्ये सुरू केलेली कृषी बाजार माहिती प्रणाली गहू, मका, तांदूळ आणि सोयाबीन या चारच पिकांचा हिशेब ठेवते. डाळींचा सर्वांत मोठा उत्पादक, ग्राहक आणि आयातदार असलेल्या भारताने तूर, हरभरा आणि उडीद यांच्यासाठी तशीच प्रणाली आफ्रिकी संघाच्या सोबतीने उभी करण्याचा प्रस्ताव मांडावा. पेरा, पाऊस, साठा, आवक आणि भाव एवढी पाच सदरे त्यात असली तरी पुरे, पण ती दरमहा भरली जावीत आणि पोर्तुगीज, चिचेवा, स्वाहिली, हिंदी, मराठी, कन्नड या भाषांत निघावीत.

प्रत्येक आयात करारासोबत त्या देशाच्या सांख्यिकी कार्यालयाशी स्वतंत्र करार व्हावा. त्यात किमान ५ वर्षांसाठी पीक कापणी, मिश्र पिकांची मोजणी आणि कंदमुळांचे वेगळे सर्वेक्षण यांचा खर्च भारताने उचलावा. आकडे त्यांचेच कार्यालय जाहीर करील. ते आपल्या सोयीचे नसले तरी त्यांत आपण हात घालणार नाही, असे लेखी द्यावे. देशांतर्गत गरज भागत नाही असे त्या आकड्यांतून दिसले, तर त्या वर्षी ठरलेले टन पुरवण्याचा आग्रह भारताने धरू नये आणि मक्याची टंचाई असेल तर किती दिवसांत कोणती मदत पाठवायची हे परराष्ट्र मंत्रालयाने आधीच ठरवून ठेवावे. मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळाने दक्षिण मलावीतले शिवार धुऊन नेले आणि पुढच्या वर्षी एल निनोमुळे २८ पैकी २३ जिल्ह्यांत आपत्ती जाहीर करावी लागली, तेव्हा अशा कलमाची गरज पडली होती.

जुलै २०२५ मध्ये सोडलेला निसार उपग्रह ढगांतूनही जमीन पाहतो आणि १२ दिवसांनी तोच भाग पुन्हा टिपतो. आफ्रिकेच्या पावसाळी आकाशात पीक पाहण्याचे हे मोठेच साधन आहे. त्याची माहिती खुली असली तरी ती वाचणारे हात तिथे तयार व्हायला हवेत. इस्रोने नैरोबीतल्या प्रादेशिक मानचित्रण केंद्राशी जोडून घेऊन तिथल्या तरुणांना कायमच्या जागांवर काम देणारे केंद्र उभारावे.

आणि ज्या शेतकऱ्याची नोंद घेतली, त्याला त्याच्या गावाचा निष्कर्ष त्याच हंगामात परत मिळावा; त्याची जमीन, पीक आणि फोन क्रमांक विमा कंपनी, बियाणे कंपनी किंवा आयातदार यांना त्याच्या संमतीविना देता येणार नाही, असे कलम करारात असावे. हीच अट आपल्याकडच्या शेतकरी नोंदणीलाही लागू करावी.

यापुढच्या करारांचा मसुदा सही होण्यापूर्वी किमान ३० दिवस महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा या तूर उत्पादक राज्यांतल्या आणि संबंधित आफ्रिकी देशांतल्या शेतकरी संघटनांना वाचायला मिळावा, आणि कोणत्या मागण्या मान्य केल्या व कोणत्या का नाकारल्या, हे चारही मंत्रालयांनी लेखी कळवावे. या पत्राच्या प्रती मराठवाडा आणि विदर्भातल्या सर्व खासदारांना पाठवत आहे.

आपला,
एक तूर उत्पादक आणि निवृत्त कृषी सांख्यिकी कर्मचारी,
ता. औसा, जि. लातूर